सरोजिनीच्या गोष्टींचा पत्ता

पद्माकर सोवनीला साधं काम सांगू नये, हे सिंगापूरच्या क्लेमेंटीतल्या त्याच्या ब्लॉकमध्ये बहुतेकांना अनुभवाने कळलेलं होतं. खालच्या मजल्यावरच्या नीता बिवलकरांनी एकदा वायफाय रडतंय म्हणून त्याला बोलावलं, तर पहिल्या दिवशी त्याने फक्त फ्लॅटचा नकाशा काढला. दुसऱ्या दिवशी भिंती ठोकून पाहिल्या. चौथ्या दिवशी वायफाय धावायला लागलं आणि टीव्ही बंद पडला, आणि टीव्ही हा आपला विषय नाही असं त्याने नम्रपणे सांगितलं. माणूस वाईट नव्हता. समोर सोपा रस्ता दिसला की त्याला अपमान झाल्यासारखं वाटायचं, एवढंच.

मिरजेच्या अण्णांना हे ठाऊक नव्हतं. अण्णा म्हणजे दीनानाथ आठल्ये, पद्माकरचे सासरे, वय त्र्याऐंशी, निवृत्त पोस्टमास्तर. पद्माकरच्या बायकोचं, सरोजिनीचं, वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी त्यांनी फोन केला. जावयाकडे काही मागायचं नाही हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम होता, त्यामुळे आधी हवा, पाणी, गार्गीचा अभ्यास असं सगळं झालं आणि मग ते म्हणाले, "जावईबापू, एक विचारायचं होतं. सरूचा आवाज कुठे भरून ठेवलेला असेल तर मला ऐकायचाय. डावा कान गेलाच आहे. उजव्याचं डॉक्टर म्हणतात, सहा-आठ महिने धरून चाला."

आवाज होता. सरोजिनी दर रविवारी व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, मराठी मुलांना गोष्टी सांगायची. आजारपणात खाली उतरणं जमेना, तेव्हा तिने त्या घरीच रेकॉर्ड करून ठेवल्या. एकेचाळीस फायली तिच्या लॅपटॉपवर 'गोष्टी' नावाच्या फोल्डरमध्ये होत्या. वर्षभरात पद्माकरने ते फोल्डर उघडलं नव्हतं.

"पा, जस्ट व्हॉट्सॲप लाह," गार्गी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. ती त्याची मुलगी, युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला. "फाइव्ह मिनिट्स ओन्ली."

पद्माकरने तिला व्हॉट्सॲपची मर्यादा समजावून सांगितली. फायली मोठ्या, आवाजाचा दर्जा घसरणार, अण्णांच्या फोनवर व्हॉट्सॲपच नाही, टॅबलेट आहे पण त्यांना इंग्रजी अक्षरं लावून वाचावी लागतात. हे सांगायला त्याला पंचवीस मिनिटं लागली. एवढ्या वेळात एकेचाळीसपैकी निम्म्या फायली मिरजेला पोचल्या असत्या, पण हा हिशेब गार्गीने मनातच ठेवला.

इथे पद्माकरचा धंदा सांगायला हवा. हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत तो गेली सतरा वर्षं नावं सांभाळत होता. कॉम्प्युटरला फक्त आकडे कळतात, माणसांना नावं लागतात. माणसाने नाव टाइप केलं की त्याचा आकडा शोधून द्यायचा, हे काम करणारे सर्व्हर त्याच्या ताब्यात होते. हा धंदा तो आजवर कुणालाही समजावू शकला नव्हता. सरोजिनी लोकांना "कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढं सांगून विषय बदलायची. आणि ही सगळी नावं जन्मापासून इंग्रजी अक्षरांत. आता, म्हणजे २०१५ साली, संपूर्ण देवनागरी पत्ता मिळायला लागला होता. शेवटी डॉट कॉमऐवजी चक्क 'भारत', तेही मराठी अक्षरांत. अण्णा टॅबलेटवर 'सरोजिनीच्यागोष्टी.भारत' असं स्वतःच्या लिपीत लिहितील आणि समोर एकेचाळीस गोष्टी ओळीने उभ्या राहतील. हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि पद्माकर वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवला.

त्याने चूक एवढीच केली की हे बिवलकरांना सांगितलं.

निशिकांत बिवलकर एका बँकेत कम्प्लायन्सला होते, म्हणजे जगात काय काय करू नये याचा त्यांना पगार मिळत असे. "देवनागरी? कोण टाइप करणार?" ते म्हणाले. "आपल्या ग्रुपवर बघ. एकशे चाळीस मराठी माणसं आणि सगळी 'कसा काय' इंग्रजीत लिहितात. माझ्या फोनमध्ये मराठी कीबोर्डच नाही." पद्माकरने मान हलवली, कारण त्याच्याही फोनमध्ये नव्हता.

नीताताईंची अडचण वेगळी होती. "पण भावजी, नुसतं सरोजिनी कसं लिहायचं? नावाआधी कै. नको?"

पद्माकरने चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, कै.नंतर टिंब येतं. या पत्त्यात टिंब आलं की नाव तिथे तुटतं. उजवीकडचं ते मोठं, डावीकडचं त्याच्या हाताखालचं. म्हणजे सरोजिनी मुख्य कचेरी होणार आणि कै तिची शाखा."

"मग टिंब काढा."

"टिंब काढलं तर कैसरोजिनी होतं."

"हे कुठल्यातरी औषधाचं नाव वाटतं," निशिकांत म्हणाले, आणि नीताताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बिस्किटं आणायला आत गेले. "तरीपण भावजी," त्या म्हणाल्या, "रीत म्हणून काही असतंच की. गेलेल्या माणसाचं नाव असं उघडं लिहिलेलं बरं नाही दिसत."

पद्माकर घरी आला. खरं सांगायचं तर टिंबावर तोडगा काढणं त्याला डाव्या हाताचा खेळ होता. त्याला ती दोन अक्षरं तिच्या नावाजवळ नको होती.

पत्ते विकणारी कंपनी भारतात होती. तिच्या मदत-क्रमांकावर रुचिर नावाचा तरुण होता. पद्माकर मराठी बोलतोय म्हटल्यावर तो खूश झाला, आपण नाशिकचे असल्याचं त्याने सांगितलं, आणि मग म्हणाला, "सर, अर्ज अडकलाय. हे व्यक्तीचं नाव दिसतंय. तर त्या मॅडमचं संमतीपत्र लागेल."

"त्या वारल्या."

पलीकडे थोडा वेळ नुसती बटणं वाजली. "सॉरी सर. मग संमतीपत्रावर सही कोण करणार?"

"कुणीच नाही करणार."

"इथे तसं ऑप्शन नाहीये सर."

रुचिरने वरच्या साहेबांना विचारलं. साहेबांनी आठ दिवस विचार केला. मग असं ठरलं की मृत्यूचा दाखला चालेल, पण त्यावरचं नाव अर्जातल्याच लिपीत हवं. सिंगापूरचा दाखला अर्थातच इंग्रजीत होता. तेव्हा त्याचा मराठी अनुवाद करायचा आणि त्यावर नोटरीचा शिक्का घ्यायचा. अनुवादाच्या दुकानात तमिळ होतं, हिंदी होतं, बंगालीही होतं. मराठीला त्यांनी "सॉरी अंकल" म्हटलं.

म्हणून पद्माकरने स्वतःच अनुवादाला हात घातला. नाव, वय, पत्ता दहा मिनिटांत झालं. मृत्यूचं कारण या ओळीवर तो दोन संध्याकाळी बसून राहिला. इथल्या डॉक्टरांनी, नर्सनी, त्याने आणि सरोजिनीनेसुद्धा त्या आजाराचं नाव कायम इंग्रजीतच घेतलं होतं. इंग्रजीत तो जरा लांबचा वाटायचा, रिपोर्टमधला. तिसऱ्या संध्याकाळी त्याने 'स्वादुपिंडाचा कर्करोग' असं लिहिलं आणि लॅपटॉप मिटून खाली चकरा मारायला गेला.

नोटरी एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावर बसत. सत्तरीचे चिनी वकील, टेबलावर संत्र्यांची रास. "धिस वन व्हॉट लँग्वेज?"

"मराठी."

"सेम सेम हिंदी?"

"लेटर्स सेम. लँग्वेज डिफरंट."

"यू कॅन रीड?"

"येस."

"ओके कॅन. यू रीड, आय चॉप," ते म्हणाले. चॉप म्हणजे शिक्का. पद्माकरने सगळा दाखला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातलं अक्षरही न कळता म्हाताऱ्याने मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी लाल, गोल, फुलाएवढा शिक्का उचलला आणि बरोबर सरोजिनीच्या नावावर ठेवला. वर निघताना एक संत्रं दिलं.

"सर, नाव शिक्क्याखाली गेलंय," रुचिरने पुढच्या आठवड्यात कळवलं. पद्माकर पुन्हा गेला, पुन्हा सगळं वाचलं, नावाची जागा बोटाने झाकून धरली आणि आणखी एक संत्रं घेऊन परतला. एव्हाना मे महिना उजाडला होता.

आता फक्त पैसे भरायचे होते, आणि खरी गंमत तिथेच सुरू झाली. कंपनीला भारतातलंच कार्ड हवं होतं. पद्माकरचं होतं. त्याचा सांकेतिक आकडा, ओटीपी, भारतातल्या मोबाइल नंबरावर यायचा. परदेशी राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचा असा एक नंबर असतो आणि तो बंद पडू नये म्हणून कुणातरी नातेवाइकाच्या गळ्यात बांधलेला असतो. सोवनींचा नंबर सरोजिनीने तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या फोनमध्ये घालून दिला होता. म्हणजे आकडा मिरजेत येणार, अण्णांनी तो वाचून दाखवायचा, पद्माकरने क्लेमेंटीत टाइप करायचा, आणि हे सगळं तीन मिनिटांत.

"बोला जावईबापू! सगळं क्षेम? गार्गी काय म्हणतेय? जेवणं झाली?"

सासऱ्यांना मध्येच तोडायचं कसं? पद्माकरने गार्गीची खुशाली सांगितली, स्वतःची सांगितली, मिरजेतल्या उन्हाची विचारपूस केली आणि मग म्हणाला, "अण्णा, एक आकडा आलाय बघा मेसेजमध्ये."

"बघतो की. चष्मा आणतो."

चष्मा देवघरात होता. तो आणून अण्णांनी फोन कानावरून काढला, मेसेज बघायला बटण दाबलं, आणि फोन कट झाला. मेसेज त्याच फोनात होता हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या वेळी अण्णांनी आकडा कागदावर उतरवून ठेवला आणि जावयाने फोन केल्यावर आधी खुशाली विचारली. तिसऱ्या वेळी त्यांनी आदल्या दिवशीचा आकडा वाचला. चौथ्या वेळी कुणीतरी भेटायला आलं होतं, त्या गृहस्थांशीही पद्माकरला बोलावं लागलं. पाचव्या प्रयत्नानंतर कार्ड आठवड्यासाठी गोठलं.

यातून एक विचित्र गोष्ट झाली. सरोजिनी गेल्यापासून सासरा आणि जावई एकमेकांना टाळत होते. बोलायचं ते एकच आणि ते बोलवत नव्हतं. आता दर चार दिवसांनी फोन व्हायला लागला. काम नसलं तरी अण्णा विचारायचे, "आज नंबर नाही का यायचा?" आणि आवाजात थोडी निराशा असायची. एकदा पद्माकरने त्यांना आपलं काम काय असतं ते सांगितलं. नाव घ्यायचं, आकडा शोधायचा, योग्य ठिकाणी पाठवायचं. "म्हणजे सॉर्टिंग," अण्णा म्हणाले. सतरा वर्षांत हे कळलेले ते पहिले गृहस्थ. पद्माकरला भरून आलं, पण त्याने विषय पावसावर नेला.

"आणि जरा मोठ्याने बोला," अण्णा म्हणाले. "तुमच्याकडची लाइन हल्ली बारीक झालीय." लाइन बारीक झाली नव्हती. हे पद्माकरला कळलं आणि त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी जुलैत त्याला सुचलं. तो म्हणाला, "अण्णा, ही तार आहे असं समजा. तातडीची."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" अण्णा खवळले. "तारेला कुणी खुशाली विचारतं?"

त्या संध्याकाळी आकडा आला. अण्णांनी चष्मा लावून, पेन हातात धरून, खुर्चीत बसून वाट पाहिली होती. त्यांनी स्वतःच फोन केला, नमस्कार नाही, चमत्कार नाही, सहा आकडे खणखणीत सांगितले, "संपलं" म्हणाले आणि ठेवला. चाळीस सेकंद लागली. दहा मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला आणि त्यांनी सावकाश विचारलं, "हं, सगळं क्षेम? जेवणं झाली?"

पत्ता मिळाला. दुसऱ्या दिवशी पद्माकर ऑफिसला अर्धा तास आधी गेला. स्वतःच्या मशीनवर त्याने मराठी कीबोर्ड बसवला, सगळी अक्षरं टाइप केली आणि एंटर दाबलं. पडदा लाल झाला. कंपनीच्या सुरक्षा-भिंतीने, फायरवॉलने, तो पत्ता अडवला होता. दहा मिनिटांत सिक्युरिटीचा अश्विन टेबलापाशी आला. बंगळुरूचा पोरगेला माणूस, हातात प्रिंटआउट. "सर, आपके मशीन से एक संदिग्ध डोमेन खुला है."

त्या कागदावर सरोजिनीचं नाव नव्हतं. सर्व्हर आतून अजूनही इंग्रजीच बोलतात. देवनागरी नाव आत शिरताना त्याची एक्स, एन, दोन डॅश आणि पुढे अक्षरांची-आकड्यांची खिचडी होते. साध्या 'भारत'चंसुद्धा एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी होतं. आणि असल्या खिचडीने सुरू होणारं प्रत्येक नाव अडवायचं, कारण चोर अशाच नावांआड लपतात, हा नियम कंपनीत होता. अश्विनने नियमाची नोंद दाखवली. खाली सही होती पी. सोवनी, सहा वर्षांपूर्वीची. त्या वेळी त्याला या नियमाबद्दल शाबासकीचं पत्रही मिळालं होतं. आता त्याला खुलासा लिहून द्यावा लागला. 'नाव कुणाचे' या रकान्यात त्याने 'कौटुंबिक' असं लिहिलं, आणि अश्विनने पुढे काही विचारलं नाही. याचं पद्माकरला जास्त वाईट वाटलं.

घरी मात्र पान उघडत होतं. त्यावर फक्त शीर्षक होतं. फायली चढवणं बाकी होतं आणि तो ते रोज उद्यावर टाकत होता. कधी पानाचा रंग पटेना, कधी अक्षराचं वळण. एक दिवस धीर करून त्याने एकेचाळीस फायली न उघडता, न ऐकता, एकगठ्ठा चढवल्या आणि पत्ता मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर तो खिचडी होऊन उमटला. सात मिनिटांत नीताताईंचा मेसेज आला, इंग्रजी अक्षरांतला मराठी: भावजींचा फोन हॅक झालाय, कुणीही उघडू नका. त्याखाली तेवीस लोकांनी हात जोडले. निशिकांतनी वर येऊन पासवर्ड बदलायचा सल्ला दिला.

सप्टेंबर लागला तो धूर घेऊन. समुद्रापलीकडच्या जंगलांचा धूर सिंगापूरवर बसला, सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायला लागला आणि सगळ्या ब्लॉकने खिडक्या लावून घेतल्या. अशाच एका रविवारी दुपारी पद्माकर आणि गार्गी दिवाणखान्यात बसले, फोन स्पीकरवर टाकला, आणि अण्णांच्या टॅबलेटवर मराठी कीबोर्ड बसवण्याचं काम सुरू झालं. त्याला एक तास दहा मिनिटं लागली. प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं, दुसऱ्यांदा ओरडून. मग अण्णांनी एकेक अक्षर लावत पत्ता लिहिला.

"उघडलं?" पद्माकरने विचारलं.

"काय?"

"उघडलं का, अण्णा?"

"उघडलं. पण इथे नुसते चौकोन आहेत, जावईबापू. खिडक्यांसारखे. ओळीच्या ओळी. सगळ्या बंद."

टॅबलेट जुना होता. त्याला पान मिळालं होतं, पण कीबोर्डाबरोबर आलेली अक्षरं कीबोर्डापुरतीच होती, पानावरची मराठी अक्षरं त्याला काढताच येत नव्हती. पद्माकरने डोळे मिटले. नवा टॅबलेट पाठवायचा, कुणी जाणारं बघायचं, तिथे नवा फाँट... त्याचं डोकं आपोआप पुढच्या यादीला लागलं.

"जावईबापू," फोनमधून आवाज आला. "तो आवाज तुमच्यापाशी आहे ना तिथे?"

"आहे."

"काय?"

"आहे!"

"मग फोनपाशी धरा की. ऐकतो मी."

 सात महिन्यांपूर्वी गार्गी जे म्हणाली होती, ते ती आता म्हणाली नाही. ती आत जाऊन आईचा लॅपटॉप घेऊन आली आणि टेबलावर ठेवला.

"अण्णा," पद्माकर म्हणाला, "मी ते अजून ऐकलेलं नाही."

"ऐकू नाही आलं. मोठ्याने बोला."

"मी ऐकलेलं नाही! एकही नाही! माझ्याच्याने होत नाही!"

खिडक्या बंद होत्या तरी हे खालच्या मजल्यावर बिवलकरांना ऐकू गेलं असावं, कारण त्यांच्या टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. 

"मग आता दोघं ऐकू," अण्णा म्हणाले. "लावा."

वर पंखा गरगरत होता, तरी पद्माकरच्या पाठीला शर्ट चिकटला होता. गार्गीने पहिली फाइल लावली आणि फोन लॅपटॉपला टेकवून धरला. आधी भांडं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग थोडासा खोकला. मग सरोजिनी, अगदी समोर बसल्यासारखी, थकलेली आणि थोडी वैतागलेली, म्हणाली, "तर मुलांनो, एका गावात... अहो, तो पंखा बंद करा ना. सगळी घरघर येतेय यात."

गार्गीने फाइल थांबवली.

"काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं. "काहीतरी म्हणाली. मला नीट लागलं नाही. सरू काय म्हणाली हो?"

 पद्माकरने गार्गीकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी फोन धरून लॅपटॉपकडेच बघत होती.

"पंखा बंद करा म्हणतेय!" तो ओरडला.

"मग करा की," अण्णा म्हणाले.

पद्माकर उठला आणि त्याने पंखा बंद केला.